गोमीबाईंचा साबण आणि माझी हळद

शाळेच्या पहिल्याच दिवशी पस्तीस मुलींनी एका सुरात मला "दादी" म्हटलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. बदलापूरला घरी आल्यावर आरसा खिडकीशी नेऊन एखादा पांढरा केस दिसतो का ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी खुलासा केला की सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, आणि शाळेतल्या शिक्षिकेलाही हीच हाक मारतात. तेव्हा जीव भांड्यात पडला. पुढे पस्तीस वर्षं ठिकठिकाणी शिकवलं. कुठे बाई होते, कुठे मॅडम, निवृत्तीच्या सुमाराला तर मुलं मला नुसतं "सायन्स" म्हणायची: "गप रे, सायन्स आली!" पण दादी म्हणून जी पाच वर्षं काढली, त्यांची सर कशालाच नाही. त्या वर्षांतली माझी एक चूक आज सांगते. चूक माझीच होती, तरी तिची आठवण मला गोड वाटते, हे आधीच कबूल करते.

फाळणीनंतरचं ते तिसरं-चौथं वर्ष. उल्हासनगर हे नाव नुकतंच पडलं होतं, पण आम्ही सगळे "कॅम्प"च म्हणायचो. लढाईच्या दिवसांत सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बरॅकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. एका बरॅकीत गोणपाटाचे पडदे लावून केलेली दहा-बारा बिऱ्हाडं. शाळाही तशाच बरॅकीत होती. माझ्या वर्गाला भिंती दोनच, उरलेल्या दोन बाजूंना गोणपाट. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांच्याबरोबर सकाळी अंबरनाथला उतरायचं, ते कारखान्याकडे वळायचे आणि मी कॅम्पाच्या वाटेला लागायचे. "मुलीला कुठे निर्वासितांत पाठवता?" असं शेजारच्यांनी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "का? त्यांच्यात काय ऑक्सिजन लागत नाही?"

प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात सहा परीक्षानळ्या होत्या, त्यातली एक चिरलेली. शाईच्या दौतीला वात लावून मी स्पिरिटचा दिवा केला होता. चुन्याची निवळी पाहिजे असली की पानवाल्याकडून चुना आणायचा, तो पाण्यात ढवळायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. त्यात मुलींनी पपईच्या देठाच्या नळीतून फुंकर मारली की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. "आपल्या श्वासातला वायू आणि चुना मिळून तिसरीच वस्तू झाली," असं मी सांगायचे. एकदा गंधकाचा वायू करून दाखवला, त्याला सडक्या अंड्याचा वास. पलीकडच्या गोणपाटामागे हेडमास्तर व्याजाची गणितं शिकवत होते. त्यांचा आवाज थांबला, मग पडद्यावरून शांतपणे विचारणा झाली, "दादी, ये सिलेबस में है?"

हेडमास्तरांना सगळे "साईं" म्हणत. साठीचे, उंच, अंगात नेहमी स्वच्छ पण विरलेला कोट. त्यांचं हिंदी सिंधी वळणाचं, माझं मराठी वळणाचं. मुली दोघांनाही सांभाळून घ्यायच्या.

त्या वर्गात मोहिनी नावाची एक मुलगी होती. पंधरा-सोळा वर्षांची, किडकिडीत, कायम पहिल्या बाकाच्या टोकाला. ती फार बोलायची नाही, पण बोलली की मला रात्रभर पुरायचं. एकदा मी रासायनिक समीकरण शिकवत होते. दोन्ही बाजूंचे अणू मोजले की सारखेच भरले पाहिजेत, कारण क्रियेत काही नाहीसं होत नाही, फक्त जोड्या बदलतात, हा मुद्दा. मला वाटलं, मुलींच्या आयुष्यातलं उदाहरण द्यावं. मोठ्या हुशारीनं म्हटलं, "समजा, तुम्ही सिंधमध्ये एका घरात राहत होतात, इथे दुसऱ्या घरात आलात. माणसं तेवढीच, घर बदललं. तसंच हे."

मोहिनीनं हात वर केला. "दादी, हमारा बराबर नहीं आता. उधर हम पाँच थे, इधर तीन पहुँचे."

मी फळ्याकडे वळले आणि खडू शोधत राहिले. मधल्या सुटीत साईंनी सांगितलं: तिचे वडील बोटीवर तापानं गेले, थोरला भाऊ दुकान विकायला मागे राहिला आणि त्याचं पुन्हा पत्र आलं नाही. आई, मोहिनी आणि धाकटी बहीण एवढ्या तिघीच इथे पोचल्या. त्या दिवसापासून समीकरण शिकवायला मी चणे आणि शेंगदाणे वापरले. माणसं कधी वापरली नाहीत.

आता हळदीची गोष्ट.

आम्ल आणि खार हा धडा होता. आंबट ते आम्ल, जसं लिंबू, चिंच, व्हिनेगर. खार त्याच्या उलट, जसा चुना, पापडखार, धुण्याचा सोडा. हे ओळखायला लिटमसचा कागद लागतो, तो आमच्याकडे नव्हता. पण हळद होती. आमच्या घरी आई हळदीपासून कुंकू करायची, ते मी लहानपणापासून पाहत आले होते: पिवळ्याधमक हळदीला खाराचा हात लागला की ती लालभडक होते. मी शाईटिपाचे कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवले, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक मुलीला चार-चार दिल्या.

"खाराला लागला की कागद लाल होईल," मी म्हटलं. "लिंबू पिळलं की परत पिवळा. घरातल्या वस्तू तपासा, वहीत लिहून आणा. आणि जपून. खार कातडी जाळतो."

सांगितलं ते एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. अर्धं मात्र होतं.

दुसऱ्या दिवशी मुलींनी वह्या वाचल्या. पापडखार लाल. चुलीतली राख लाल. ताक पिवळं. मोहिनी उभी राहिली आणि तिच्या त्या सपाट आवाजात तिनं वाचलं, "अम्मा का साबुन, लाल."

"शाबास!" मी म्हटलं. "साबणात खार असतो. नीट पाहिलंस."

मोहिनीची आई गोमीबाई साबण करायची, हे मला माहीत होतं. सिंधमध्ये या बाईनं चुलीपलीकडे काही केलं नव्हतं. इथे आल्यावर शेजारणीकडून शिकून तिनं बरॅकीच्या मोरीत साबण ओतायला सुरुवात केली. थाळ्यात थापून, तारेनं कापून, वड्या करून ती विकायची. त्यावर तिघींचं पोट होतं. हे सगळं ठाऊक असून मी शाबास म्हटलं, कारण माझ्या डोक्यात त्या घटकेला फक्त धडा होता.

वर्गातल्या पस्तीस मुली पस्तीस पडद्यांमागे राहत होत्या. संध्याकाळपर्यंत बरॅकीबरॅकीत गेलं: गोमीच्या साबणात कातडी जाळणारा खार आहे, शाळेतल्या दादीनं सांगितलं, कागदावर दाखवलं.

पाच-सहा दिवसांनी मी वर्गात शिकवत असताना गोणपाट बाजूला झालं. मध्यम वयाची एक ठेंगणी बाई आत आली. डोक्यावर पांढरी ओढणी, हातात साबणाची अख्खी लादी. ती तिनं माझ्या टेबलावर आपटली. ट्रंकेतल्या नळ्या किणकिणल्या.

"ये लो," ती म्हणाली. "तुम ही रखो. अब कोई नहीं लेता."

मोहिनी बाकावर मान खाली घालून बसली होती.

"तुमचा काही गैरसमज..." मी सुरुवात केली.

"मैं अनपढ़ हूँ, दादी. मेरे को गैरसमज नहीं मालूम. मेरे को इतना मालूम है, मैंने बेटी को पढ़ने भेजा और वो मेरा ही साबुन खराब लिख के आई. तुमने शाबास बोला." मग ती मोहिनीकडे वळली. "चल. बस्ता उठा."

मोहिनी उठली. पाटी-दप्तर काखेत मारून आईच्या मागे चालू लागली. मॅट्रिकचा फॉर्म भरायला अडीच-तीन महिने राहिले होते. त्या वर्गात पास होईलच अशी खात्री असलेल्या तीन-चार मुली, त्यातली ती पहिली.

साईंनी पडद्याआडून सगळं ऐकलंच होतं. शाळा सुटल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "उसका साबुन सच में खराब है?"

"साईं, कुठलाही साबण लावला तरी हळद लाल होणारच. तेल आणि खार मिळूनच साबण बनतो."

"ये तुमने लड़कियों को बताया?"

"नाही."

"हिसाब में आधा सही, पूरा गलत होता है," ते म्हणाले. "जाओ, पूरा करके आओ."

रविवारी मी बदलापूरहून मुद्दाम कॅम्पात आले. पिशवीत हळदीच्या पट्ट्या, घरातला आमचा वासाचा साबण, आणि कपड्यांचा पिवळा बार. बरॅकीच्या टोकाला सार्वजनिक नळ होता. रविवारी सकाळी सगळ्या बायका तिथे धुणं घेऊन यायच्या. मला वर्गात बोलायची सवय होती, नळावर नव्हती. तरी मी तिथल्या दगडावर उभी राहिले आणि म्हटलं, "गोमीबाई के साबुन के बारे में मैंने गलत बोला. देखो."

वासाच्या साबणाला पट्टी लावली. लाल. पिवळ्या बारला लावली. लाल. एका म्हातारीनं तिच्या पदराला बांधलेला मुंबईचा महागडा साबण काढून दिला. तोही लाल. बायकांत हशा पिकला.

"तो तेरा कागज झूठा है!" म्हातारी म्हणाली.

"कागज झूठा नहीं, अम्मा. मेरी बात आधी थी. साबुन सब ऐसे ही होते हैं. कागज से अच्छा-बुरा पता नहीं चलता."

गोमीबाई नळापाशीच बादली घेऊन उभी होती. तिची मान ताठ झाली. दोघीतिघींनी तिथल्या तिथे वड्या मागितल्या. मला हायसं वाटलं. पिशवी आवरून निघाले. झालं, चूक दुरुस्त झाली, असं मी मनात म्हणत होते. अगदी खरं सांगायचं तर मी तिथून सटकत होते.

बरॅकीच्या कोपऱ्यावर मागून धावत मोहिनी आली. धापा टाकत म्हणाली, "दादी, एक सवाल."

"विचार ना."

"सब साबुन लाल करते हैं. ठीक. तो अम्मा के हाथ क्यों जलते हैं? पिछले साल नहीं जलते थे."

मी परत फिरले. मोरीत गोमीबाईनं मोठ्या अनिच्छेनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या, तळव्याची कातडी सोललेली. मी तिच्या साबणाच्या वडीला जिभेचं टोक लावलं. टचकन चावल्यासारखं झालं. म्हणजे साबणात मोकळा खार शिल्लक होता. म्हणजे मी नळावर ज्याची बाजू घेऊन आले, तो साबण खरोखरच बिघडलेला होता, फक्त माझ्या कागदामुळे ते सिद्ध होत नव्हतं.

अनोळखी वाचकासाठी इथे साबणाचं गणित सांगायला हवं. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घातलं की दोघं मिळून साबण होतो. नुसतं मिश्रण नव्हे. मिश्रणात तेल तेलच राहतं, इथे तेलही उरत नाही आणि सोडाही उरत नाही, नवी वस्तू जन्माला येते. पण अट एक आहे: एवढ्या तेलाला एवढाच सोडा. कमी पडला तर तेल उरून साबण चिकट होतो. जास्त झाला तर सोडा उरतो आणि हात जाळतो. आपल्याला हवं तेवढं घालून चालत नाही. क्रिया आपलं माप आपण ठरवते.

"माप बदललंत का?" मी गोमीबाईला विचारलं.

"कभी नहीं!" ती उसळली. "वही डिब्बा, वही कटोरी. पहले दिन से."

"और तेल?"

गोमीबाई वड्या सारख्या करू लागली. मोहिनीनंच सांगितलं. आधी खोबरेल तेल वापरायच्या. ते परवडेनासं झालं तेव्हापासून बदलापूरच्या बाजारातून मोहाचं तेल आणतात.

गाठ सुटली, निदान मला तसं वाटलं. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी असते हे कॉलेजात शिकलेलं आठवत होतं. आकडा काही आठवेना. वडिलांमार्फत कारखान्यातल्या केमिस्टला विचारलं. त्यांनी चिठ्ठी पाठवली: खोबरेलाला लागतो त्याच्या साधारण पाऊणपट सोडा मोहाला पुरतो. खाली एक ओळ जोडली होती: "बाजारच्या तेलावर आणि बाजारच्या सोड्यावर माझ्या आकड्यानं विसंबू नका. करून पाहा."

करून पाहायचं म्हणजे कुठे? मी साईंकडे गेले. म्हटलं, वर्गात साबण करू द्या. "सिलेबस में है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "नहीं होता, तो भी बोल देता हाँ."

मोहिनी वर्गात परत आली ती अशी: आईनं तिला शाळेत पाठवलं नाही, आई स्वतःच तिला घेऊन वर्गात येऊन बसली. अटच तशी होती. "मेरा तेल है, मैं देखूँगी."

इनॅमलचे पाच वाडगे मांडले. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, भांडं चालत नाही, कॉस्टिक त्याला खातो. हे गोमीबाईला आधीपासून माहीत होतं, मुलींना तिनंच सांगितलं. वाण्याकडून तागडी आणली. प्रत्येक वाडग्यात पावशेर मोहाचं तेल. सोडा मात्र वेगवेगळा: साडेतीन तोळे, तीन, पावणेतीन, अडीच, दोन. शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. मी मुलींना बजावलं, पाण्यात सोडा टाका, सोड्यावर पाणी ओतू नका. पाण्यात सोडा पडताच भांडं तापलं, मुली "गरम, गरम!" करत मागे सरकल्या. चूल नाही, जाळ नाही, मग उष्णता आली कुठून? त्या दिवशी मला तो धडा शिकवावा लागला नाही. प्रश्न मुलींचेच होते, मी फक्त उत्तरं देत होते.

ढवळता ढवळता तेल दाटत गेलं. गोमीबाई वाडग्यांभोवती फिरत होती. एकीचा हात हळू पडला की तिच्या हातातली काठी काढून घेऊन स्वतः ढवळायची. "ऐसे. रुकने का नहीं. दाल है क्या?" माझ्या तासाला माझ्यापेक्षा तिचाच दरारा जास्त होता.

साबण मुरायला पंधरा-वीस दिवस लागतात. ते दिवस मला जड गेले. आकडा चुकला तर गोमीबाई मला दुसऱ्यांदा माफ करणार नव्हती आणि फॉर्मची मुदत जवळ येत होती. मोहिनी रोज वाडग्यांवरचं फडकं उचलून पाहायची आणि वहीत लिहायची.

विसाव्या दिवशी पाचही वड्या ओळीनं ठेवल्या. दोन तोळ्यांची लोण्यासारखी मऊ, तेलकट, तिला खवट वास. अडीचची बरी, पण बोटाला ओशट. पहिल्या दोन कडक, खणखणीत. गोमीबाईनं जीभ लावली आणि "हूँ" करून तोंड वाकडं केलं. मग तिनं पावणेतीनची उचलली. जीभ लावली. पुन्हा लावली. बादलीत हात बुडवून ती वडी तिनं आपल्या त्या चिरलेल्या हातांवर घासली, फेस केला आणि सगळ्या वर्गासमोर तशीच उभी राहिली. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"नहीं जलता," ती म्हणाली.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या वर्गानंही वाजवल्या, त्यांना कारण माहीत नव्हतं. गोमीबाई डोळे टिपत होती की फेस पुसत होती ते मला कळलं नाही. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "दादी, मतलब मैं इतने दिन सोडा भी फालतू डालती थी?"

"हो."

"और ये किसने पूछा था पहले? तुमने?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या मोहिनीनं."

त्या बाईनं मुलीकडे असं काही पाहिलं की मी मुद्दाम ट्रंक आवरायला घेतली.

मला खंत आहे ती एकच. नळावरून मी निघाले होते. मोहिनी धावत आली नसती तर मी समाधानानं घरी गेले असते आणि गोमीबाईचे हात सोलत राहिले असते. शिक्षकाला आपली अब्रू वाचली की प्रश्न संपला असं वाटतं. पुढे पस्तीस वर्षांत, "पण बाई, मग असं का?" म्हणणाऱ्या पोराला मी कधी खाली बसवलं नाही, त्याचं श्रेय मोहिनीला. ती मॅट्रिक झाली, विज्ञानात वर्गात पहिली आली. पुढे मुंबईला एका औषधांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली. बरीच वर्षं दिवाळीला तिचं पत्र येई, मराठीत, आणि शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं.

पण ते सगळं नंतर. त्या वर्षी मुदतीच्या आदल्या दिवशी गोमीबाई मुलीचा फॉर्म भरायला ऑफिसात आली. कारकून घाईत होता. पालकाचं नाव लिहून झालं, पालकाच्या धंद्याच्या रकान्यापाशी त्यानं नेहमीच्या सवयीनं "निर्वासित" लिहायला टाक टेकवला. शाळेतल्या बहुतेक फॉर्मांवर तेच असायचं.

"क्या लिखता है?" गोमीबाईनं विचारलं. त्यानं सांगितलं.

"वो धंधा है क्या?"

कारकुनानं टाक उचलला. "मग काय लिहू?"

"साबुन का कारखाना."

"बाई, मोरीत साबण करता तुम्ही. कारखाना कसला?"

"हाँ, मोरी में," गोमीबाई म्हणाली. "लिख."

कारकुनानं साईंकडे पाहिलं. साईंनी त्याच्या हातातला टाक घेतला, कोटाची बाही जरा वर सारली आणि त्यांच्या त्या रेखीव अक्षरात, एकेक अक्षर सुटं काढत, रकाना स्वतः भरला.